मागच्या सीटचं वजन

दिवा लागला आणि वरच्या मजल्यावरून हाक आली, "अहो, आमच्या स्वयंपाकघरात सूर्य उगवलाय! खाली घ्या तो!"

फिटर घाईघाईने मोटारसायकलवरून उतरला. तो उतरताच भिंतीवरचा उजेड गुपचूप खाली आला आणि त्याने आखलेल्या खडूच्या रेघेला टेकला. तो पुन्हा बसला. उजेड पुन्हा वर.

सकाळपासून तो इमारतीच्या पार्किंगमध्ये ठाण मांडून बसला होता. हेडलाइटची काच त्याने बायकोच्या केस वाळवायच्या मशीनने तापवून सोडवली, आत लिंबाएवढ्या भिंगाचा नवा प्रोजेक्टर दिवा बसवला, बॅटरीपासून वेगळी वायर ओढली. सगळं बिनचूक. फक्त उजेडाची उंची त्याने रिकाम्या गाडीवर लावली होती. माणसं बसली की गाडी मागून दबते आणि पुढून तोंड वर करते, हे वीस वर्षं कारखान्यात केसाएवढ्या फरकासाठी भांडणारा माणूस साफ विसरला होता.

विसरणारच. दीड महिना त्याचं डोकं एका वळणावर अडकलं होतं. तिथे खडीचा ढीग होता, दिवेलागणीची वेळ होती आणि मागे बायको बसली होती. गाडी घसरली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, तरी ती गाडीवर बसली नाही. रोज दोन बस बदलून कामाला जायची. चकार शब्द न काढता. तेच त्याला खात होतं. दोन शिव्या घातल्या असत्या तर निदान जेवण तरी गेलं असतं. डॉक्टरांना, मेव्हण्याला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना त्याने एकच सांगितलं होतं: दिवा मिणमिणता होता, खडी दिसलीच नाही. मग टायर बदलले, ब्रेक बदलले, आरसे बदलले. आता दिवा.

जिन्याखाली सिमेंटची एक गोणी पडून होती. ती त्याने कशीबशी उचलून मागच्या सीटवर ठेवली आणि दोरीने आवळली. तेवढ्यात बायको तिचं मशीन शोधत खाली आली.

"हे काय?"

"मागच्या माणसाचं वजन. त्याशिवाय उंची जुळत नाही."

तिने वाकून गोणीवरचा आकडा वाचला. "पन्नास किलो? माझं लग्नातलं वजन धरलंत वाटतं."

तो हसला नाही. घामेजला होता. "पुढे पण कुणीतरी बसायला हवं. मी बसलो तर स्क्रू कोण फिरवणार?" मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "गाडी चालू करणार नाही. जागची हलणारसुद्धा नाही."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग तिने ओढणी कमरेला बांधली, हँडल डाव्या हाताने धरलं, उजवा हात जपून नुसता टेकवला आणि पुढच्या सीटवर बसली. पाय जमिनीला जेमतेम पोचत होते.

त्याने दिवा लावला. समोरची भिंत लख्ख झाली. वर अंधार, खाली उजेड, मधे सुरीने कापल्यासारखी कडा. तो हेडलाइटपुढे उकिडवा बसला आणि खालच्या स्क्रूला पेचकस लावला.

"सांग, रेघेच्या वर आहे की खाली?"

"वर."

"आता?"

"अजून वर. थोडा खाली घ्या. अजून. हं, बस."

"बघितलंस?" तो एकदम उत्साहात आला. "भिंतीचा पोपडासुद्धा दिसतोय. असा दिवा तेव्हा असता, तर लांबूनच दिसली असती खडी."

 त्याने मान वर केली, पण उजेड थेट डोळ्यांत घुसला. त्यामागची ती त्याला दिसेना. तिला मात्र तो सगळा दिसत होता, दाढीच्या पांढऱ्या खुंटांसकट.

"खडी मला दिसली होती," ती म्हणाली. "मागे बसून, तुमच्या खांद्यावरून. त्याच दिव्यात."

त्याने पेचकस पुन्हा स्क्रूला लावला. फिरवायचं काही उरलं नव्हतं, तरी लावला.

"मी 'थांबा' म्हटलं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दोनदा."

वर कुणीतरी खिडकी लावून घेतली. तो पेचकस चाचपत राहिला. वारा होता, हेल्मेट होतं, पुढे ट्रकचा आवाज होता. दीड महिन्यात घोटून ठेवलेली सगळी कारणं त्याच्या ओठांवर येऊन गेली.

"ऐकलं होतं," तो म्हणाला. "दोन्ही वेळा. वाटलं, निघेन कडेने. सारखी मागून सांगत असतेस, म्हणून... मुद्दामच थांबलो नाही."

 उठून उभं राहावं की तसंच बसावं, त्याला कळेना. मग बटणाचा आवाज झाला आणि दिवा विझला. डोळ्यांपुढे हिरवे-जांभळे ठिपके नाचत राहिले. त्यांच्या आड ती उतरतेय एवढं त्याला जाणवलं. जपून, उजवा हात छातीशी धरून.

"एवढं सांगायला तुम्हाला दिवा बदलावा लागला?"

 तिने कट्ट्यावरचं आपलं मशीन उचललं, वायर मशीनभोवती गुंडाळली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली.

"उद्या मी बसनेच जाणार," ती म्हणाली. "परवाचं परवा बघू."