तुकारामाची पाठवणी

“तुकारामा, या वेळी गेला नाहीस ना, तर तुझ्या हातचं वाढलेलं जेवणार नाही!” भाताचा तिसरा ढीग पुढे ओढत लॅन्सी गरजला.

सुनेत्राबाईंची दुबईच्या करामा भागातली खानावळ खदखदली. बाईंची आमटी अशी, की नुसत्या वासावर खालच्या मांजरी मराठी बोलायला लागल्या होत्या. बाई आत रांधायच्या, तुकाराम बाहेर वाढायचा.

व्हिसा संपूनही राहून गेलेल्यांना सरकारनं दुसऱ्यांदा माफी दिली होती. मागच्यापेक्षा नियम सैल. दंड नाही, तुरुंग नाही; मुदतीत हसत घरी जा. मुदत आता संपत आली होती.

तुकारामाकडे कागद नाहीत, हे लॅन्सीनं केव्हाच ताडलं होतं. बेल वाजली की हा पळी टाकून धावायचा आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचा. तरी भाजीला रोज तोच खाली उतरे, कारण बाईंच्या गुडघ्यांना तीन जिने झेपत नसत. बिनकागदाचा माणूस भरबाजारात! छाती बघा गड्याची.

हात धुवायला गेलेल्या लॅन्सीला आतून तुकारामाचा आवाज ऐकू आला. “पोरीचं लग्न तोंडावर आलंय. मागल्या माफीत घाबरून राहणं झालं. आता खलास! जायचं म्हणजे जायचं.”

बाई नाक ओढत होत्या. साहजिकच होतं, एवढा हाताशी आलेला माणूस चालला!

लॅन्सीनं सगळ्या जेवणाऱ्यांना कामाला लावलं. बॅग आली, बदाम आले, खजूर तर इतका आला की अख्खं वऱ्हाड वर्षभर खाईल.

“लग्नात मिरवायला काय हवं रे तुला? सूट शिवू?”

“साडी द्या, लॅन्सीभाऊ. अंजिरी. जरा भारीतली.”

“बायकोवर भलताच जीव आहे हं लेकाचा!”

तुकाराम लाजून लाल.

“आणि कागदांचं?”

“ते झालंय. तुम्ही फक्त गाडी आणा.”

शुक्रवारी सकाळी लॅन्सीची गाडी इमारतीखाली लागली. डिक्कीत बॅग चढली. जेवणारे झाडून सगळे हजर. एकजण रिकामा तेलाचा डबा ढोलकीसारखा बडवत होता. लॅन्सी वसईचा ख्रिस्ती, पण रीत चुकायला नको म्हणून दह्याची वाटी घेऊन उभा.

“चल, हात पुढे कर. सुखरूप जा बाबा. आणि आमच्या बाईंना विसरू नकोस.”

“थांबा की जरा.” तुकारामानं त्याच्या हातातली वाटी अलगद काढून घेतली आणि जिन्याकडे मान उंचावून हाक दिली, “यल्ला, बाई, चला!”

तिन्ही जिने धडाधड उतरत, शेवटच्या दोन पायऱ्या तर उडीनंच ओलांडत, नव्याकोऱ्या अंजिरी साडीचा पदर सावरत सुनेत्राबाई आल्या आणि त्यांनी दह्यासाठी तळहात पुढे केला.