दुसरं पान

राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सहून सरकारी कागद येत ते फ्रेंचमध्ये, आणि आमच्या गावात फ्रेंच वाचता येणारा मी एकटाच, शाळामास्तर. त्या दिवशीच्या कागदावर पहिल्याच ओळीत होतं, तांदळावरचा कर पन्नास टक्क्यांवरून तीन टक्के. मी तेवढं आमच्या बोलीत, क्रेओलमध्ये, ओरडून सांगितलं आणि बाजारात ढोल वाजू लागला. सगळं गाव भात पिकवणारं.

"मास्तर, जन्मात एकदा तरी काही चांगलं वाचलंत!" म्हणत शेतकरीण सेलियानीजनं आपला लाल कोंबडा माझ्या काखेत कोंबला.

आज तिच्या शेतात गवत आहे. ती बाजारात बसून मायामीहून आलेल्या पोत्यांतला तांदूळ डब्याच्या मापानं विकते. आमच्या तांदळाच्या निम्म्या दरानं.

माझी पिशवी भरताना ती म्हणाली, "मास्तर, तो कर आपल्यावरचा नव्हताच म्हणे. बाहेरच्या तांदळावरचा होता. पण तुम्हाला तरी तेव्हा कुठून कळणार?"

"हो ना," मी म्हणालो.

"कळलं असतं, तर अख्खं गाव नेऊन राजधानीत ठाण मांडलं असतं मी." तिनं वर एक मूठ जास्तीची घातली.

कागदाला दुसरं पान होतं. त्यावर सगळं स्पष्ट लिहिलं होतं, हरकत घ्यायला तीस दिवस आहेत हेसुद्धा. ते पान मी त्याच संध्याकाळी वाचलं. बाहेर लोक अजून नाचत होते आणि चुलीवर कोंबडा शिजत आला होता.