माझी काही तक्रार नाही

"सही कुठे करायची?" आजोबांनी सिस्टरला विचारलं.

कागद साधाच होता. डॉक्टरांचा सल्ला न मानता मी स्वतःच्या जबाबदारीवर घरी जात आहे, काही बरंवाईट झाल्यास माझी कोणतीही तक्रार नाही. आजोबांनी त्यातला एक शब्द वाचला नाही. एरवी गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षरसुद्धा भिंग लावून वाचणारा माणूस! निवृत्त पोस्टमास्तर, पण वॉर्डात सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. चहा दोन मिनिटं उशिरा आला की 'हा रुग्णाचा हक्क आहे' म्हणून सुनावत. पंधरा दिवसांत त्यांनी सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं होतं.

पण आज सकाळी शेजारच्या बेडवरचा त्यांचा बुद्धिबळाचा भिडू हृदयाच्या ऑपरेशनला गेला, तो परत आलाच नाही. उद्या तेच ऑपरेशन आजोबांचं होतं. ते टाळलं तर आठवडाही निघणार नाही, असं डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला स्पष्ट सांगितलं होतं.

"बाबा, माझ्यासाठी तरी थांबा हो," मुलगी दुपारपासून विनवत होती. आजोबा भिंतीकडे बघत होते. खाली गाडी येऊन उभी होती.

त्यांनी सही केली. "सगळ्यांनी फार केलंत माझं," असंही म्हणाले. या माणसाच्या तोंडून आभार ऐकून सिस्टर मनातून हादरली.

तिनं टेबलाचा खण उघडला आणि आजोबांचे सात तक्रार अर्ज काढले. "तक्रार नाही असं लिहून दिलंत ना? मग हे तुमचे अर्जही रद्द." तिनं पहिला फाडला. "पंख्याची कुरकुर गेली." दुसरा फाडला. "गार पाण्याची आंघोळ, तीही गेली."

"अहो, कोणाच्या परवानगीनं फाडताय?"

"तुमच्याच. ही काय सही."

हृदयाच्या पेशंटला चिडवू नये, हे तिला पाठ होतं. तरी तिनं तिसरा अर्ज टरकन फाडला.

आजोबांनी सही केलेला कागद तिच्या हातून हिसकावला आणि त्याचे चार तुकडे केले. सिस्टरचा जीव भांड्यात पडला.

"उरलेले अर्ज जागेवर ठेवा!" ते गरजले. "आणि उद्या ऑपरेशन नऊ म्हणजे नऊला! मिनिटभर जरी उशीर झाला, तर शुद्धीवर आल्या आल्या पहिली तक्रार तुमची करीन!"