कोरोमचा फोटो

"काकी, कुत्र्याला चुचकारू नका," वेंडेलनं पुन्हा बजावलं.

"राहवत नाही हो," बोर्बालाकाकी म्हणाल्या. "म्हातारा झालाय. आठवण असावी म्हणून आलोय इतक्या लांब."

वेंडेल जनावरांचेही फोटो काढतो, ही सेगेड शहरभर झालेली ख्याती आता त्यालाच नडत होती. कोरोम काळाकुट्ट. छताच्या तावदानातून येणारा सगळा उजेड त्याची झिपरी लोकर गिळून टाकायची. डोळे दिसायला हवेत तर कॅमेऱ्याचं टोपण बराच वेळ काढून ठेवावं लागे, आणि तेवढा वेळ हा स्वस्थ बसेल तर कुत्रा कसला? म्हणून काकींचे यजमान, गेर्गेयकाका, अंगावर काळी चादर घेऊन मागे दबून बसले होते. कोरोमला त्यांनी घट्ट धरलं होतं.

तरी फोटोच्या पहिल्या काचेवर कुत्र्याला दोन डोकी आली. दुसरीवर नुसता सावलीचा ढिगारा. तिसरीवर चादरीतून काकांचं नाक तेवढं लख्ख.

"नाक आत घ्या, काका."

"मग श्वास काय कानानं घेऊ?" चादरीतून आवाज आला.

उन्हं कलायला लागली होती. "ही शेवटची काच," वेंडेल वैतागून म्हणाला. "यापुढे मी हात टेकले."

त्यानं टोपण काढलं आणि काकींनी नेमकं तेव्हाच चुचकारलं. कोरोम उसळी मारून त्यांच्याकडे पळाला. काकांनी चादर भिरकावली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि कॅमेऱ्याकडे असं रोखून पाहिलं, की वेंडेल टोपण लावायचंच विसरला.

"बोरी, पुरे झाले हे लाड," म्हणत काका कुत्र्याला ओढत बाहेर गाडीकडे गेले.

"धुऊन तरी बघा," काकी म्हणाल्या.

वेंडेलनं चरफडत काच धुतली, चित्र उठून दिसावं म्हणून काळ्या कापडावर धरली. काका उमटले होते. कपाळावर ऊन, डोळ्यांखाली सावली, मिशीचा केस न् केस.

"वाया गेली," तो म्हणाला आणि पुसायला फडकं उचललं.

काकींनी त्याचं मनगट धरलं.

"हाच द्या."

"अहो, यात कुत्रा कुठाय?"

काकींनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "पोरगा अमेरिकेला निघाला, तेव्हा हे त्याला म्हणाले होते, मरेपर्यंत तुला तोंड दाखवणार नाही."