दलदल दाखवणारं ॲप

"यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," तावेत्ती म्हणाला आणि त्याने ते जाडजूड पुस्तक टेबलावर आपटलं. कॉफीचे चारही कप दचकले.

त्याच्या मुलीने, मेर्वीने, घड्याळात पाहिलं. बापाला न्यायला ती ओउलूहून गाडी घेऊन आली होती. शहरात वृद्धांच्या इमारतीत तिने त्याच्यासाठी खोली पाहून ठेवली होती. कारण एकच. सलग दोन उन्हाळे तावेत्ती आपल्या दलदलीतून रिकामी बादली घेऊन परतला होता. त्याचं म्हणणं, आपल्या आधी कोणीतरी हिल्ला वेचून नेतंय. मेर्वीचं म्हणणं, बाबा जागाच विसरलेत. गावाचंही तेच म्हणणं होतं. गाव फक्त ते पाठीमागे म्हणायचं. हिल्ला म्हणजे दलदलीत पिकणारं ते केशरी फळ. त्याची जागा माणूस बायकोला सांगत नाही, आणि मुलांना सांगितलीच तर शेवटचा श्वास घेता घेता. तेव्हा खरंखोटं करायला कोणाला सोबत नेण्याचाही प्रश्न नव्हता.

"जागा विसरायला नको म्हणून फोनमध्ये ॲप बनवायचं ठरवलं," तावेत्ती म्हणाला. "दुसऱ्याच्या ॲपमध्ये टाकली की ती जागा दुसऱ्याचीही झाली. म्हणून स्वतः शिकलो. हे बघा, नऊशे पानं."

"फिरत्या वाचनालयाच्या गाडीतून अकरा वेळा तेच पुस्तक नेलंय यानं," कॅफेवाली सायमी वेलदोड्याचा पाव कापता कापता म्हणाली. "ड्रायव्हर आता विचारतसुद्धा नाही. गाडी थांबायच्या आधीच शिक्का मारून ठेवतो."

पहिल्याच धड्यात फोनकडून साऱ्या जगाला नमस्कार करवायचा होता. तावेत्तीला हे काही पटेना. ना ओळख, ना पाळख, आणि एकदम साऱ्या जगाला? त्याने फोनला आपल्यापुरताच नमस्कार शिकवला. तरी फोन रोज सकाळी बोलायला लागला तेव्हा तो त्याला जरा आगाऊच वाटला. चौथ्या धड्यात बटण आलं. त्याची बोटं पडली जाड. त्याने बटण इतकं मोठं केलं की ते पडद्यात मावेना. उरलेलं टेबलावर सांडलं, ते त्याने फडक्याने पुसून घेतलं.

नवव्या धड्याशी गाडी अडली. ॲप दलदल दाखवायचं ती थेट आइसलंडपलीकडच्या समुद्रात.

"पुस्तकात लिहिलंय, चूक सापडत नसेल तर रबरी बदक समोर ठेवा आणि त्याला एकेक ओळ समजावून सांगा. माझ्याकडे बदक कुठलं? अंगणात रेनडियर उभं होतं."

"आणि त्यानं ऐकून घेतलं?" आर्मासने विचारलं.

"तीन दिवस. चौथ्या दिवशी बेचाळिसाव्या ओळीवर खूर ठेवला. बघतो तर काय, अधिकच्या जागी वजा!"

सायमी पोट धरून हसली. मेर्वी हसली नाही. आर्मासने नुसते खांदे उडवले. आर्मास म्हणजे शेजारी. उभी हयात जमीनमोजणीत गेलेली. नकाशातली रेघ केसभर सरकली तर त्याला घास उतरत नसे. रेनडियरचं मात्र त्याने सोडून दिलं. त्यात मोजण्यासारखं काही नव्हतं.

"दहावा धडा आवाजाचा," तावेत्ती पुढे म्हणाला. "तो शिकलो आणि घात झाला. मागच्या आठवड्यात पेन्शनरांच्या बसमध्ये बसलो होतो. चाळीस म्हातारे. आपल्याकडची बस ती, खोकलासुद्धा परवानगी घेऊन येतो. तेवढ्यात खिशातून फोन खणखणीत ओरडला, 'तावेत्ती, तुझी हिल्ला! तुटक्या पुलाशी डावीकडे वळ. दोन शेंड्यांचा पाइन दिसेल. तिथून उत्तरेला चाळीस पावलं!'"

सायमीची सुरी पावात अडकून राहिली. जागा! आणि भर कॅफेत, चारचौघांत!

मेर्वीने डोळे मिटून घेतले. डोकं ठिकाणावर असलेला माणूस हे कधीच करणार नाही. तिने पर्समधून गाडीची किल्ली काढली.

"पुढे ऐक गं. ड्रायव्हरनं चकार शब्द न काढता बस वळवली. दोन शेंड्यांच्या पाइनला टेकवून उभी केली. चाळीस म्हाताऱ्यांनी चाळीस पावलं मोजली आणि मंगळवारपर्यंत वेचत बसले. बादल्या भरल्या, टोप्या भरल्या, एकीनं तर कवळीची डबी भरून घेतली."

आर्मासने कप खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.

"चाळीस पावलं?" त्याने विचारलं.

"चाळीस."

"बाबा, चला आता," मेर्वी उठली. "तुमची बॅग मी गाडीत ठेवलीये."

"येतो, येतो. पाइनपासून चाळीस," तावेत्ती कोटाचं बटण लावत अगदी सावकाश म्हणाला. "उत्तरेला."

"थापाड्या!" आर्मास ताडकन उभा राहिला. त्याची खुर्ची मागे कलंडली. "खोटं! साफ खोटं! पाइन कुठला आलाय तिथे? वीज पडून जळालेला भूर्ज आहे! आणि उत्तरेला नाही, पूर्वेला! चाळीस नाही, साठ पावलं! दोन्ही वर्षं मी स्वतः मोजलीयत!"