तिसऱ्यांदा भरलेली मेमरी

बोईसरच्या त्या केमिकल कारखान्यात सर्व्हरची मेमरी सकाळपासून तिसऱ्यांदा भरली. एकच प्रोसेस सगळी मेमरी गिळत होती. सर्व्हर सांभाळणाऱ्या जागृतीने ती दोनदा बंद केली होती. आता वैतागून आत काय आहे ते पाहिलं. कुणीतरी 'पाहिलं' हे बटण दाबेल याची वाट पाहत एकाच इशाऱ्याचे हजारो संदेश तुंबले होते : चार नंबरच्या टाकीतून वायुगळती.

तिने टाकीजवळच्या फोनचा नंबर लावला. ऑपरेटर अंकुशने उचलला.

"अंकुश, भोंगा का वाजत नाही?"

"वायर मीच काढलीय मॅडम. उगाच बोंबलत होता."

हा वायू आधी नाक बधिर करतो, मग माणूस पाडतो, हे तिला ठाऊक होतं.

"वास येतोय का रे?"

"सकाळी लय येत होता. आता अजिबात नाय."