हरवल्यास फोन करा

टेसाचा सॉकरमधला पहिला व्यावसायिक सामना संपला, तेव्हा बाबांची खुर्ची रिकामी होती. घामेजल्या जर्सीतच ती गेटकडे धावली. बाबा रखवालदारापाशी उभे होते. हल्ली मधूनच त्यांना स्वतःचं नावही आठवेनासं व्हायचं. रखवालदाराच्या हातात टेसाचं लहानपणीचं नडगीचं पॅड होतं. ती सहा वर्षांची असताना बाबांनीच त्यावर मार्करनं लिहिलं होतं, ‘हरवल्यास फोन करा’, खाली नंबर. शाळेच्या, कॉलेजच्या प्रत्येक सामन्याला ते पॅड त्यांच्या खिशात असायचं. “घाबरू नका आजोबा, घरच्यांचा नंबर मिळाला,” म्हणत रखवालदारानं फोन लावला. टेसा हाक मारणार, तोच बाबांच्याच खिशात फोन वाजला. त्यांनी घाईघाईनं कानाला लावला. “टेसाचा बाप बोलतोय. सापडली का हो माझी पोर?” तीन पावलांवर टेसाला हुंदका फुटला. “रडतेय ना? तिला म्हणावं, तिथंच थांब, मी निघालोय.”